मुक्काम पोस्ट खडकी

आमच्या गल्लीतल्या काकांचं आडनाव वेगळंच आहे, पण गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंत त्यांना सगळे ‘खडकीकर’ म्हणतात. बँकेच्या फॉर्मवर ‘जन्मगाव’ या रकान्यात त्यांनी ‘खडकी’ लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, “पुण्याची ना?” काकांना घेरी यायचीच बाकी होती. मागे रांग ताटकळत असताना त्यांनी सुरुवात केली. मलिक अंबरनं १६१० साली खडकीची राजधानी केली, पुढं त्याच्या मुलानं, फतेहखानानं, तिचं फतेहनगर केलं, १६५३ साली औरंगजेबानं ते नाव पुसून आपलं लावलं. २०२३ पर्यंत येईस्तोवर बँकेची जेवणाची सुट्टी झाली. केवायसी राहिली ती राहिलीच.

असा एकेक माणूस प्रत्येक जुन्या गावाला असतोच म्हणा. आमच्याकडं जरा जास्त वजनाचा आलाय. त्यांच्या पिशवीत १८८४च्या जिल्हा गॅझेटियरची झेरॉक्स असते, हाताळून फडक्यासारखी मऊ झालेली, आणि समासात पेन्सिलीचे शेरे: ‘चूक!’, ‘साफ चूक!’ सोबत दोनशे पानी वही. तिच्यात बावन्न दरवाजांची यादी. दिल्ली, मकाई, पैठण, रोशन, रंगीन इथपर्यंत ठीक चालतं; पुढं कधी अठ्ठेचाळीस भरतात, कधी चौपन्न. लहानशी दिंडी दरवाजात धरायची की नाही, यावरून त्यांचा एका जुन्या मित्राशी अबोला आहे. दोघं रोज एकाच टपरीवर, एकमेकांकडं पाठ करून चहा पितात.

त्यांना रस्ता विचारू नये. बीडकडचा एक पक्षकार बगलेत फाईल घेऊन आला, “खंडपीठ कुठं हाय?” काका म्हणाले, “आधी ते कधी आलं ते विचारा. १९८१!” मग त्याआधी मुंबईला किती खेटे घालावे लागत, त्याच्याआधी हैदराबादची कोर्टकचेरी, मग १७ सप्टेंबर १९४८. तो बिचारा घड्याळाकडं बघून म्हणाला, “माझी तारीख आजची हाय ओ!” शेवटी मीच त्याला जालना रोडच्या रिक्षात बसवला. काका मागून ओरडलेच, “आणि विद्यापीठाकडून गेलात तर लक्षात ठेवा, १९९४ला नामांतर नाही, नामविस्तार झाला!”

पण एकदा त्यांनी मला चीत केलं. पुण्याचे माझे पाहुणे मकबरा बघून आले आणि म्हणाले, “ताजची नक्कल.” काका चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाले, “ताज ज्यानं उभारला त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला. मकबरा त्याचा. पोरात बापाचं वळण आलं तर तुमच्याकडं त्याला नक्कल म्हणतात का?” पाहुण्यांनी मुकाट्यानं नान-खलियाचा विषय काढला.

परवा नळाला पाणी येऊन आठवडा उलटला होता. टँकर आला. काका बनियन-लुंगीत, हातात पाइपचं तोंड. पण पाणी दिसलं की त्यांना नहर-ए-अंबरी आठवते. “चारशे वर्षांपूर्वी, मोटर नाही, वीज नाही! डोंगराचं पाणी मातीच्या नळांतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. पाणचक्कीला तर पडत्या पाण्यावर जातं फिरायचं, फकिरांचं पीठ निघायचं!” पीठ निघालं तेव्हा पाइपचं तोंड टाकीतून निसटून माझ्या चपलांवर आलं होतं. पायऱ्यांवरून ओहोळ वाहत होता, तोही नुसत्या उतारावर.

टँकरवाल्यानं कॉक बंद केला. म्हणाला, “काका, त्या अंबरसाहेबांचा नंबर असंल तर द्या ना. आमच्या वॉर्डात लई गरज हाय.”

काकांनी लुंगी सावरली.

“ते १६२६ साली वारले,” ते गंभीरपणे म्हणाले. “कबर खुलताबादला आहे. रविवारी मोकळे असाल तर जाऊ. टँकर आणा, येताना वेरूळ करू.”