घसरगुंडी-पर्यटक

पर्यटकांच्या जाती अनेक. कुणी देवळं करतं, कुणी किल्ले चढतं, कुणी परदेशी जाऊनही मॉलमध्येच हरवतं. पाच वर्षांखालची दोन पोरं घेऊन निघालेला बाप मात्र यातल्या कुठल्याच जातीत बसत नाही. तो घसरगुंडी-पर्यटक.

घरून निघताना त्याच्याकडेही यादी असते : वस्तुसंग्रहालय, राजवाडा, सूर्यास्ताचा पॉइंट. पण वस्तुसंग्रहालयाच्या दुसऱ्याच दालनात धाकटी फरशीवर आडवी होते, थोरल्याला 'शू' लागते आणि यादी खिशात जाते. मग हा गृहस्थ हजार वर्षांच्या मूर्तीकडे पाठ करून रखवालदाराला विचारतो, "इथं जवळपास झोपाळे कुठे आहेत हो?"

त्याची पिशवी लांबूनही ओळखू येते. रात्रीच्या पावसानं भिजलेली घसरगुंडी पुसायला जुना पंचा, राजगिऱ्याचे लाडू, दोन जादा चड्ड्या आणि वाळूत खेळायचं फावडं. बागेत शिरला की आधी पत्र्याला पालथा हात लावून बघतो. तापलेला असला, तर पोरांना परस्पर झोपाळ्याकडे वळवतो. मग कड्या ओढून बघणं, नटबोल्ट चाचपणं, खाली वाळू आहे की नुसतीच फरशी, याची चौकशी. स्वतःचा फ्लॅट घेताना त्यानं याच्या निम्मीही पाहणी केली नव्हती.

त्याचा वैरी एकच : फाटकावरची वेळेची पाटी. आपल्याकडच्या कितीतरी सार्वजनिक बागा दुपारी बंद असतात आणि याची पोरं नेमकी दुपारीच लॉजच्या गादीवर उड्या मारायला लागतात.

"पाचच मिनिटं सोडा हो, लहान मुलं आहेत."

"साहेब, बागेत लहान मुलंच येतात. चार वाजता या."

यावर त्याच्यापाशी उत्तर नसतं. तो फाटकाबाहेरच बसून लाडू काढतो.

या मुशाफिरीत त्याचं ज्ञान मात्र दांडगं होतं. मुंबई म्हटलं की लोकांना गेटवे आठवतो, याला मलबार हिलचं १९५२ सालचं कमला नेहरू पार्क आणि तिथला म्हातारीचा बूट. पुण्यात शनिवारवाडा त्यानं बाहेरून पाहिलेला असतो आणि पेशवे पार्कातली, १९५६ मध्ये सुरू झालेली फुलराणी आतून. सिंगापूरला सोबतचे लोक मरीना बेच्या दिव्यांपुढे फोटो काढत असतात, तेव्हा हा टोआ पायो वसाहतीतल्या ड्रॅगनवरून पोरं उतरवत असतो आणि बायकोला सांगत असतो, "खोर इयन घी यांचं डिझाइन. १९७९!" बायको दिव्यांच्या दिशेनं बघत असते.

जंगलजिम दिसली की व्याख्यान ठरलेलं. शिकागोजवळच्या सेबॅस्टियन हिंटननं १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. हिंटन स्वतः पेटंटचा वकील. त्याचे वडील गणिती. मुलांना पुढे चौथी मिती समजावी म्हणून त्यांनी बांबूचा सांगाडा उभारला होता. मुलांनी गणित बाजूला ठेवलं आणि माकडांसारखी वर चढली. हे सगळं तो शेजारच्या बाकावरच्या अनोळखी आजींना सांगतो. आजी मान डोलावतात, कारण त्यांचं लक्ष नातवाकडे असतं.

बर्लिनमध्ये त्याची खरी परीक्षा झाली. तिथले आईबाप वाळूच्या कडेला कॉफी पीत निवांत बसलेले. चार वर्षांचं पोर दोरखंडाच्या जाळीवर कितीही उंच गेलं तरी 'हूं' नाही की 'चूं' नाही. हा मात्र हात पसरून, "सावकाश, सावकाश!" म्हणत जाळीला प्रदक्षिणा घालू लागला. थोड्या वेळानं जर्मन पोरांना वाटलं, हाही एक खेळच आहे. तीही "सावकाश!" ओरडत त्याच्यामागून धावू लागली.

त्याला हसणारे हसोत. बाकीच्या पर्यटकांना परगावी भेटतात ते टॅक्सीवाले, गाइड आणि दुकानदार. प्रत्येकाला काहीतरी विकायचं असतं. याला भेटते बादलीवरून भांडणारी पोरगी आणि तिची ओशाळलेली आई. ती त्याला काहीही विकत नाही. उलट दूध कुठं मिळतं, कुठल्या दवाखान्यात रांग नसते आणि भाडी किती वाढलीत, हे फुकट सांगते. शहर असं कळतं.

दुःख एवढंच, की पोरं वाढतात. थोरला आता बागेत यायला लाजतो आणि धाकटीला मॉल हवा असतो. त्यात लंडनची कोरम्स फील्ड्स राहिलेली! १७३९ साली स्थापन झालेल्या अनाथाश्रमाच्या जागेवरची सात एकरांची बाग, आणि नियम असा की सोबत मूल असल्याखेरीज मोठ्या माणसाला आत प्रवेश नाही.

शेवटी त्यानं बहिणीला फोन केला.

"ताई, तुझा धाकटा आठवडाभर देतेस का? लंडनला नेतो."

"अरे वा! मामा भाच्याला लंडन दाखवणार तर!"

"छे गं, बघायचंय मला. तो नसला तर मला आत घेत नाहीत."