गाडी सौजन्याने ओढून नेण्याचे शास्त्र

नवी गाडी घरी न्यायच्या दिवशी शोरूममध्ये माणसांना तोटा नसतो. सेल्समन असतो, मॅनेजर असतो, कर्जाची फाइल दोन दिवसांत ‘पास’ करून देणारा बँकेचा हसतमुख तरुण असतो. पुठ्ठ्याची हातभर चावी हातात देतात, बॉनेटवर हार चढतो, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जाते आणि सगळे मिळून फोटो काढतात. त्या फोटोत एकच माणूस नसतो. हप्ते थकले तर हीच गाडी न्यायला जो येणार असतो, तो. तसा तो बँकेतही नसतो. बँकेने काम एका एजन्सीला दिलेले असते, एजन्सीने दुसरीला, दुसरीने तालुक्याच्या गावातल्या कोणा ‘भाऊं’ना, आणि भाऊंकडे दोन मोटारसायकली आणि चार पोरे असतात. गाडी देताना कंपनी सगुण साकार असते. नेताना ती निर्गुण निराकार होते.

तत्पूर्वी, गाडी कोणाची हा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील व्याख्येप्रमाणे कर्जावरची गाडी कराराने ज्याच्या ताब्यात आहे, तो तिचा मालक. त्यामुळे चलन त्याच्या नावाने येते, विमा तो भरतो, पीयूसी तो काढतो. दुसरीकडे, भाडेखरेदीच्या गाडीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले, की सगळे हप्ते फिटेपर्यंत खरा मालक पैसे पुरवणारी कंपनीच. तिने गाडी ताब्यात घेतली तर ती चोरी नव्हे. २०२० मध्ये न्यायालयाने मालकीबाबत हाच सूर लावला. सर्वसामान्य माणसाने यातून घ्यायचा अर्थ सोपा आहे. सिग्नल तोडला तर गाडी त्याची, हप्ता तोडला तर कंपनीची.

हप्ता तुटतो कसा, हे पाहायला फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही. दहा लाखांची गाडी, आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षे मुदत. हप्ता येतो सुमारे १३,२८० रुपये. “दिवसाला साडेचारशेसुद्धा नाहीत, साहेब!” असे सेल्समन सांगतो आणि ते खरेच असते. पहिल्या वर्षात खात्यातून १ लाख ५९ हजार जातात. मुद्दल मात्र ८३ हजारांनीच हलते. सातव्या वर्षाअखेर व्याजाची बेरीज सव्वातीन लाखांच्या घरात जाते. गाडी आपल्या बाजूने या हिशेबाला हातभार लावत असतेच. विम्याच्या तक्त्यात दुसऱ्या वर्षी तिची किंमत २० टक्क्यांनी उतरते, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी ५०. नोकरी गेली, धंदा बसला, घरात कोणी आजारी पडले, तर विकून मोकळे होऊ म्हणणाऱ्याला तेव्हा कळते, की गाडीच्या भावातून कर्जाची बाकी वजा जाता हाती फारसे काही उरत नाही.

मग भाषा बदलते. तारखेला खात्यात पैसे नसले की मॅन्डेट ‘बाऊन्स’ होतो आणि शिल्लक नाही म्हणून बँक आणखी काही शे रुपये कापण्याचा प्रयत्न करते. पहिले तीस दिवस कर्जखाते एसएमए-झिरो असते, म्हणजे नजर ठेवायच्या खात्यांच्या पहिल्या पायरीवर. फोनवर गोड आवाज “सर” म्हणतो. साठाव्या दिवसापर्यंत एसएमए-वन. “सर” गळून पडते. नव्वदाव्यापर्यंत एसएमए-टू, आता फोन जामीनदार झालेल्या मेहुण्याला जातो. नव्वदी ओलांडली की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते आणि गाडीचा नंबर एका यादीत जाऊन बसतो.

ती यादी गाड्या ओढून नेणाऱ्या माणसाच्या, म्हणजे ‘सीझर’च्या, मोबाइलमध्ये असते. टोलनाका, पेट्रोलपंप, हायवेवरचा ढाबा, मंगल कार्यालयाचे पार्किंग ही त्याची कार्यालये. येणाऱ्या गाडीचे शेवटचे चार आकडे ॲपमध्ये टाकले की कंपनीचे नाव आणि थकलेले हप्ते समोर येतात. आपल्या गाडीकडे कोणी टक लावून पाहत असेल तर तो रंगावरच भाळला आहे असे मालकाने समजू नये. सीझरला पगार नसतो. गाडीमागे पैसे मिळतात. गाडी सापडली नाही तर दिवसभराचे पेट्रोल त्याच्या खिशातले. त्यालाही घर असते आणि बऱ्याचदा ज्या मोटारसायकलवरून तो फिरतो तिचाही हप्ता चालू असतो.

“काका, जरा बाजूला घ्या. कागद दाखवा.” एवढ्या संवादात एक जण ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला असतो. मग बॉनेटवर एक छापील कागद ठेवला जातो: मी माझी गाडी स्वखुशीने जमा करीत आहे. बायको-मुले रस्त्याच्या कडेला उभी, पिशव्या हातात, भोवती चार पोरे; स्वखुशीला याहून अनुकूल वातावरण कुठले? पोलीस ठाण्याला आधी एक पत्र जाते, नंतर एक. त्यामुळे चोरीची फिर्याद द्यायला धावत गेलेल्या माणसाला ठाणे अंमलदार बसल्या जागी सांगू शकतो, “चोरी नाही हो, फायनान्सवाल्यांनी ओढली.” यार्डात गाडीची यादी बनते: स्टेपनी, जॅक, टेप, डॅशबोर्डवरचा गणपती. यार्डाचे भाडे रोजचे असते आणि ते गाडी गेलेल्या माणसाच्याच खात्यावर चढते.

हे सगळे बेकायदा आहे असे समजणाऱ्यांनी नियम वाचावेत. ते फार सुंदर आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ मध्येच वसुली एजंटांसाठी आचारसंहिता दिली. गाडी ताब्यात घेण्याचे कलम करारात स्पष्ट हवे, नोटिशीची मुदत हवी, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी हवी, पैसे भरल्यास गाडी परत देण्याची पद्धत हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये घड्याळही ठरले: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. एजंटाने १०० तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. पदवीधराला ५० तास पुरतात, कारण पदवीधर मुळातच सुसंस्कृत. बिगरबँक वित्त कंपन्यांनी कर्जाच्या अटी कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्याव्यात, असाही दंडक आहे. प्रत्यक्षात करार चाळीस पानांचा असतो आणि सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून येतो. समजेल अशी भाषा हप्ता थकल्यावर येते.

न्यायालयांनीही कसर ठेवलेली नाही. गुंड पाठवून गाड्या ताब्यात घेऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात बजावले. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात पुन्हा सांगितले, की वसुली कायद्याच्या मार्गानेच करायची, दांडगाईने नव्हे. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने पाच याचिका निकाली काढताना वसुली एजंटांकडून गाड्या बळाने ओढणे हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या हक्कावर घाला ठरवला, चूक करणाऱ्या बँका-कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड केला आणि बिहारच्या पोलीस अधीक्षकांना लक्ष घालायला सांगितले. २००७ ते २०२३ या काळात गुंड मात्र बेकार झाला नाही. त्याच्या गळ्यात ओळखपत्र आले, शर्टाला कॉलर आली आणि हुद्द्यात ‘एक्झिक्युटिव्ह’ आले.

झारखंडमधल्या हजारीबाग जिल्ह्यात १५ सप्टेंबर २०२२ रोजी असेच काही ‘एक्झिक्युटिव्ह’ एका अपंग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर न्यायला आले. शेतकऱ्याची गरोदर मुलगी अडवायला पुढे आली. ट्रॅक्टर तिच्या अंगावरून गेला आणि ती मेली.

कर्ज महिंद्रा फायनान्सचे होते, माणसे बाहेरच्या एजन्सीची. आठवडाभरात, २२ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या एजन्सीमार्फत वसुली आणि जप्ती तात्काळ थांबवायला सांगितले. त्या निमित्ताने कंपनीने शेअर बाजाराला एक आकडा कळवला, जो एरवी जाहिरातीत येत नाही: दरमहा चार ते पाच हजार वाहने ताब्यात घेतली जातात. एका कंपनीची, एका महिन्याची ही ओढाओढ. ४ जानेवारी २०२३ रोजी बंदी उठली. कंपनीने वसुलीची व्यवस्था आणि एजन्सी नेमण्याची पद्धत कडक करण्याची हमी दिली होती. साडेतीन महिने लागले.

गाड्यांपुरतेच कशाला, वसुलीच्या एकूण शिष्टाचारात मराठी मुलूखही मागे नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सला रिझर्व्ह बँकेकडून अडीच कोटींचा दंड झाला. वसुली एजंट ग्राहकांना छळणार-धमकावणार नाहीत याची खबरदारी घेण्यात कंपनी कमी पडली होती. मार्च २०२३ मध्ये पाळी आली आरबीएल बँकेची, म्हणजे १९४३ साली कोल्हापुरात उघडलेल्या रत्नाकर बँकेची. वसुली एजंटांविषयीचे आणि इतर काही नियम न पाळल्याबद्दल दोन कोटी २७ लाख. दंडावर ईएमआयची सोय रिझर्व्ह बँकेने ठेवलेली नाही, ही त्यातली एकच कठोर बाब.

इकडे यार्डातल्या गाडीवर धूळ साचते. शेवटच्या संधीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. मुदत संपली की कंपनी फॉर्म ३६ भरून आरसी आपल्या नावावर करून घेऊ शकते आणि गाडी लिलावात निघते, ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर. समजा पाच लाख बाकी होते आणि बोली साडेतीनला थांबली. उरलेले दीड लाख, यार्डाचे भाडे, ओढणावळ, नोटिशीचा खर्च, हे सारे पहिल्या मालकाकडे राहते. त्याच्याकडे गाडी नाही, पण गाडीचे कर्ज आहे. सिबिलच्या उताऱ्यात तो डाग आहे. मेहुणा दिवाळीला येत नाही.

बोली जिंकणारा सहसा जुन्या गाड्यांचा डीलर असतो. तो गाडी धुतो, सीटकव्हर बदलतो, टायरला काळा चकचकीत द्रव फासतो आणि बाहेर पाटी लावतो: बँक सीझ गाडी, किंमत पडेल, कर्जाची सोय. गिऱ्हाइक येते. डीलर व्याज सांगतो दहा टक्के ‘फ्लॅट’. तीन वर्षांच्या मुदतीला घटत्या बाकीवर हा दर सुमारे अठरा टक्के पडतो, पण तो हिशेब टेबलावर येत नाही. टेबलावर येतो कराराचा गठ्ठा, पेन्सिलीच्या फुल्यांसकट. “बिनधास्त घ्या, साहेब,” डीलर म्हणतो. “थेट बँकेकडून आलेली गाडी आहे, कागद एकदम क्लिअर.”