वाहन नव्हे ते वाहन

बार्शीटाकळीच्या कालंकादेवीच्या हेमाडपंती देवळात शके १०९८चा शिलालेख आहे. आपण दगडावर कोरलेली अक्षरे साडेआठशे वर्षांनीही विद्वान मंडळी भिंग लावून वाचत बसतील, याची त्या अनाम कारागिराला कल्पना असेल वा नसेल. परंतु त्याच देवीच्या गावात रोज सकाळी दुधाच्या दोन कॅना लटकवून आवाज न करता जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या स्कूटरची कोणत्याही सरकारी दप्तरात एका अक्षराचीही नोंद नाही, हे ऐकून तो निश्चित हळहळला असता. नोंद नाही म्हणून शेजारी कायदा मोडतात असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. ते कायदा तंतोतंत पाळतात, आणि तो पाळल्यामुळेच त्यांच्या स्कूटरला नंबर नाही, विमा नाही आणि त्यांच्या खिशात लायसन्स नाही.

पूर्वी त्यांच्याकडे एम.एच. ३० मालिकेतली एक जुनी स्कूटर होती. तिची पंधरा वर्षांची नोंदणी उलटली, तेव्हा पुन्हा पासिंग करणे आले. त्यासाठी अकोल्याच्या खेपा आल्या. पुढे विम्याची पावती आली, धुराचा दाखला आला आणि शेवटी ५३१ रुपयांची ती उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी आली, जिची अखेरची मुदत इतक्या वेळा वाढली, की अखेर या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला. गाडीच्या मोलापेक्षा तिच्या कागदांचे मोल जास्त होऊ लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी भंगारात दिली आणि शोरूममधून बॅटरीची स्कूटर आणली. सीटवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. चार्जर देवघराच्या खिळ्याला टांगलेला असतो. भारनियमनाच्या दिवशी निरांजन आणि स्कूटर या दोघांची चिंता त्यांना एकाच कोपऱ्यात करता यावी, अशी ती सोय आहे.

"गुरुजी, सरकार म्हणते हे गाडीच नाही," पहिल्या दिवशी ते मला म्हणाले. "मंग मी कायवर बसून जातो?"

हा प्रश्न वरकरणी वऱ्हाडी असला तरी मूलतः वेदान्ताचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि जिची धाव ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला मोटार वाहन समजण्यात येत नाही. शब्दयोजना ध्यानात घेण्याजोगी आहे. ती वाहन नाही असे सरकार म्हणत नाही. आम्ही तसे समजत नाही, एवढेच म्हणते. दृश्य जगाला व्यावहारिक सत्ता आहे पण पारमार्थिक सत्ता नाही, हे पटवून देण्यासाठी आचार्यांना भाष्यांमागून भाष्ये लिहावी लागली. आमच्या राजपत्राने तेच काम एका पोटनियमात उरकले. स्कूटर दिसते, चालते, दूध पोहोचवते, परंतु ती माया आहे.

आणि या मायेच्या जोडीला ब्रह्मही आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे चौथे कलम असे सांगते, की सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याचा परवाना मिळू शकतो. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा लूना असावी. कायनेटिकची ही लूना १९७२ साली बाजारात आली, आणि पुढची दोनतीन दशके शाळामास्तर, ग्रामसेवक, पोस्टमन आणि विम्याचे एजंट यांनी तिच्यावर सारा महाराष्ट्र पालथा घातला. चढावर तिला पायडल मारून मदत करावी लागे, आणि त्या मदतीत मनुष्य व यंत्र यांच्यामध्ये जो जिव्हाळा उत्पन्न होई तो पुढच्या गाड्यांत राहिला नाही. ती लूना गेली. आज पन्नास सीसीची नवी पेट्रोल गाडी दुकानात मागा, दुकानदार तुमच्याकडे जाते-उखळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहील. परवाना मात्र शाबूत आहे. म्हणजे जी गाडी मिळत नाही तिच्यासाठी सरकार रीतसर परीक्षा घेऊन सनद देते, आणि जी गाडी घरोघर उभी आहे तिचे अस्तित्वच त्याला कबूल नाही.

या अस्तित्वहीनतेला एक वायर पुरते. वेगावर मर्यादा घालणारी ती वायर काढून टाकली, की पंचवीसने रांगणारी स्कूटर चाळिसाच्या पुढे उधळते, आणि त्याच क्षणी तिच्यावर नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट अशा सर्व उपाधी एकदम येऊन चिकटतात. वर बसलेला नातू अठराच्या आतला असेल तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद, अशी तजवीज २०१९च्या दुरुस्तीने करून ठेवली आहे. २०२२ साली राज्याच्या परिवहन खात्याने अशा वायर काढलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. शेजाऱ्यांनी वायरीला हात लावला नाही. अकोल्याला जायला त्यांना पाऊण तासाच्या वर लागतो, वाटेत सायकलवाली पोट्टी त्यांना मागे टाकून हसतात, आणि शेजारी ते हसू कायद्याच्या नावे सहन करतात.

विम्याचा त्यांना तसा तिटकारा नाही. वऱ्हाडातल्या कास्तकाराला विमा काय शिकवावा? एक रुपयात पीकविमा आला तेव्हा त्यांनी तो भरला होता, नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते म्हणून सोयाबीन पाण्यात असताना रेंजसाठी धुऱ्यावर मोबाईल उंच धरून उभे राहिले होते, आणि योजना बंद झाली तेव्हा कोणाहीइतकेच गप्प बसले होते. मोटारीच्या विम्यातला त्रयस्थ पक्ष मात्र त्यांना कधी उमगला नाही. पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला आपण अजून धडकलो नाही पण धडकणार आहोत. या अनोळखी इसमासाठी ७५ सीसीपर्यंतच्या दुचाकीने वर्षाला ५३८ रुपये आगाऊ भरायचे, आणि २०१८च्या सप्टेंबरपासून तर नव्या गाडीला पाच वर्षांचे एकदम! न-वाहनाला हा तिसरा नसतो. निदान शेजाऱ्यांची तशी समजूत होती.

तो मागच्या बाजारच्या दिवशी भेटला. भाजीची हातगाडी लावून तो उभा होता, एक गाय मध्येच उठली, तिला वाचवताना आमचे शेजारी ताशी बावीसच्या वेगाने थेट भेदऱ्यांच्या, म्हणजे टोमॅटोंच्या, ढिगात शिरले. कोणाला खरचटलेही नाही, पण दुधात भेदरं आणि भेदऱ्यांवर दूध असा प्रकार झाला. गर्दी जमली. जमादार आले. त्यांनी सवयीने आधी मागचा नंबर पाहिला. तिथे 'कालंका माता प्रसन्न' असे लिहिले होते. मोबाईल फोटोसाठी वर आला होता तो तसाच खाली गेला. चालान देवीच्या नावे निघत नाही.

"काका, कागदं?"

शेजाऱ्यांनी घडी घालून ठेवलेला शोरूमचा दाखला पुढे केला. जमादारांनी तो दोनदा वाचला, एकदा स्कूटरकडे पाहिले, मग हातगाडीवरच कागद ठेवून नोंद करायला घेतली. वाहन क्रमांक या रकान्यापुढे त्यांनी थोडा विचार करून 'निरंक' असे लिहिले. वाहनाचा प्रकार : निरंक. विमा कंपनी : निरंक. चालक परवाना : निरंक. मग पेन थांबले. भाजीवाला इतका वेळ खाली बसून फुटलेली भेदरं एकीकडे आणि बरी एकीकडे करीत होता.

"साहेब," तो मान वर न करता म्हणाला, "अडीच किलो."

ते त्यांनी लिहून घेतले.