चाकूभंगाची मीमांसा

सह्याद्रीत भटकणाऱ्या नागर मंडळींजवळ जो घडीचा चाकू असतो, त्याचे घोषित कार्य आणि प्रत्यक्ष कार्य यांत अभ्यासकाने आरंभीच भेद करणे आवश्यक आहे. वाट अडवणारी वेल छाटणे, ओल्या सरपणाच्या ढलप्या काढणे आणि वेळ आलीच तर श्वापदाशी दोन हात करणे हे घोषित कार्य होय. काकडी चिरणे, पोह्यांच्या पाकिटाचा कोपरा कापणे आणि उरलेला वेळ कमरपट्ट्याला अशा बेताने लटकणे, की सोबतच्यांपैकी निदान एकाने तरी ‘बघू’ म्हणावे, हे प्रत्यक्ष कार्य होय. प्रस्तुत लेखक या वर्गाचा जुना सभासद असून, ‘बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती चाकू देण्यापूर्वी पोलादाची प्रत, मुठीचे लाकूड आणि किंमत हे तपशील याच क्रमाने, किंमत तेवढी किंचित खालच्या पट्टीत, सांगण्याचा प्रघात त्याने निष्ठेने पाळला आहे. भारतातील शस्त्रविषयक नियम, घरगुती आणि शेतीची हत्यारे वगळून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची दखल घेतात. साडेतीन इंची चाकूला कायदाही विचारीत नाही, ही गोष्ट अशा धारकाच्या मनाला फार लागते.

हा चाकू मोडतो तेव्हा तो श्वापदावर मोडत नाही. चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्याचे घट्ट बसलेले झाकण उचकटताना मोडतो. याचे कारण असे की पाते धारेच्या दिशेने येणारा दाब सोसण्यासाठी घडवलेले असते, आणि त्याची तरफ केली की दाब आडवा येतो, तोही नेमका टोकाशी, जिथे पाते सर्वांत पातळ असते. चुलीवर पाणी खदखदत असते, ‘टक्’ असा अगदी किरकोळ आवाज होतो, आणि नखाएवढे टोक झाकणाच्या खाचेत अडकून राहते. वाटाड्या म्हणून आलेला गावकरी मग चमच्याच्या दांड्याने झाकण उघडतो, तो तुकडा चिमटीत धरून ‘सर, हे तुमचं’ म्हणून अदबीने परत करतो आणि किती साखर घालायची ते विचारतो.

भंगानंतर धारकाचे वर्तन ठरावीक टप्प्यांनी जाते. पहिल्या टप्प्यात तो जन्मभराची हमी देणारा कागद शोधतो, आणि उचकटण्यासाठी, ठोकण्यासाठी किंवा फेकण्यासाठी वापर झाल्यास हमी लागू नाही, असे तळाशी बारीक अक्षरांत वाचून खट्टू होतो. दुसऱ्या टप्प्यात तो भिंगातून मोडीचा पृष्ठभाग तपासतो, कारण तिथे जाड, चमकणारे कण दिसल्यास पोलाद घडवताना प्रमाणाबाहेर तापले असावे, आणि कडेला काळपट डाग दिसल्यास तडा जुना असावा, असा तर्क करता येतो. प्रस्तुत लेखकाने हे निरीक्षण मोठ्या आशेने केले, परंतु कण बारीक आणि एकसारखे राखाडी निघाल्याने पोलाद निर्दोष ठरले, आणि संशयितांच्या यादीत एकच नाव उरले.

तिसरा टप्पा तेवढा उपयोगाचा आहे. तुटलेला तुकडा हुडकून, कापडात गुंडाळून खाली आणावा, कारण सह्याद्रीच्या पठारांवर गुरे चरतात आणि त्यांच्यामागे पोरे अनवाणी धावतात. टोक नव्याने काढताना धारेकडून न घासता पात्याच्या पाठीकडून घासत यावे. त्यामुळे धार शाबूत राहते आणि चाकू मिटल्यावर नवे टोक मुठीबाहेर डोकावत नाही. घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे, कारण विजेच्या चाकावर ते तापून निळे पडले, तर त्या जागेचा कठीणपणा गेला असे समजावे.

येथे कठीणपणाविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे; ते थोडे राहील असा भरवसा मात्र देता येत नाही. पोलादाचा कठीणपणा मोजण्याची रॉकवेल पद्धत अमेरिकेतील ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काढली; तीत हिऱ्याचा शंकू ठरावीक भाराने धातूत दाबतात आणि तो किती खोल रुतला यावरून अंक देतात. चाकूशौकिनांच्या जगात हा अंक साठ किंवा त्याहून वर असणे प्रतिष्ठेचे मानले जाते. परंतु कठीणपणा आणि चिवटपणा, म्हणजे न तुटता धक्का पचवण्याची शक्ती, हे दोन गुण सहसा एकमेकांच्या वाट्यावर जगतात, एक वाढला की दुसरा घटतो. त्यामुळे साठी बुद्धी नाठी ही म्हण पोलादालाही लागू पडते. साठीतले पाते धारेला पक्के, पण वाकणे म्हणून त्याला ठाऊक नसते.

याउलट वाटाड्याच्या कमरेला, मागच्या बाजूस बांधलेल्या आकडीत, म्हणजे हत्यार अडकवण्याच्या आकड्यात, जो कोयता असतो, त्याचे पोलाद पुष्कळदा मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानपाट्याचे असते. कमानपाटा म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्या. या पोलादाच्या एका रूढ प्रकारात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असतो, आणि पाट्याच्या रूपात त्याचा रॉकवेल अंक चाळिशीच्या घरात राहतो. या पाट्याने उभ्या हयातीत कांद्याची पोती, उसाच्या मोळ्या आणि महाराष्ट्रातील रस्ते सोसलेले असल्याने, पुढील जन्मी करवंदीच्या जाळीत त्याला नवे असे काही भोगावे लागत नाही. लोहार त्याची फक्त धार तापवून तिला पाणी पाजतो, म्हणजे ती लालबुंद असताना पाण्यात किंवा तेलात बुडवून कठीण करतो. पाठ तुलनेने मऊ राहते आणि धक्का खाते. धारेला खांडा पडला तरी तो घासून काढता येतो. या विषयावर प्रस्तुत लेखक आणखी बरेच बोलू शकतो, आणि बोलतोही. हल्ली ‘बघू’ म्हणणारे कमी झाले आहेत ते यामुळेच.

हा कोयता घडवणाऱ्यांत घिसाडी समाज आहे, ज्याची गणना राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत होते. रस्त्याकडेच्या पालापुढे ऐरण ठोकलेली असते, पुरुष सांडशीत तापले लोखंड फिरवीत बसतो आणि घण बहुधा बाई घालते. डोक्यावरचा पदर ढळू न देता ती जो घाव देते, त्याच्या अचूकतेवर पात्याची जाडी ठरते. कारखान्यातले तयार हत्यार दुकानोदुकानी मिळू लागल्यापासून या पालांपुढची गिऱ्हाइके आटली. जी उरली, त्यांत हौशी नागर मंडळी आहेत, आणि परदेशी चाकूची छापील किंमत निमूटपणे मोजणारी हीच मंडळी पालापुढे उकिडवी बसून ‘शेवटचं काय घेणार?’ असे विचारतात. साडेतीन इंचांच्या वस्तूला हजारो रुपये देताना जी व्यवहारबुद्धी झोपलेली असते, ती बाईच्या मजुरीतले पन्नास रुपये कापण्यासाठी खडबडून जागी होते, आणि या गोष्टीला काटकसर म्हणण्याची रीत आहे. ‘दादा, घण उचलून बघा, मग भाव करा,’ असे एकीने सुचवल्यावर प्रस्तुत लेखकाने घण उचलून पाहिला आणि सांगितलेली रक्कम पूर्ण दिली.

त्या कोयत्याचे पाते अद्याप मोडलेले नाही, आणि पुढेही मोडण्याचा संभव दिसत नाही, कारण तो दिवाणखान्यातील भिंतीवर, खाली छोटा दिवा लावून, टांगण्यात आला असून, येणाऱ्या पाहुण्यास चहापूर्वी त्यातील सिलिकॉनचे प्रमाण सांगितले जाते.