उभ्या गाडीची थरथर

काही दुखणी माणूस घरी बसल्यावरच वर येतात. साताऱ्यात हे सांगायला नको. पेन्शनरांचं गाव म्हणून त्याची ख्यातीच आहे. नोकरीत कधी न कुरकुरलेले गुडघे निरोपसमारंभाचा हार वाळायच्या आत बोलायला लागतात. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं तसंच झालं. हायवेला लागली की शहाण्यासारखी पळायची आणि पोवई नाक्यावर थांबली की हुडहुडी भरायची. आरसा असा थरथरायचा की मागे एकच रिक्षा असली तरी दोन दिसाव्यात. मग एक उचकी, आणि इंजिन बंद.

गल्लीत फुकट निदानांचा तुटवडा नव्हता. कुणी पेट्रोलमधली भेसळ सांगितली, कुणी प्लग. शेजारचे निवृत्त अभियंते बॉनेट न उघडताच म्हणाले, "विकून टाका."

तेवढ्यात सांगलीला साखरपुडा निघाला. कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर इथपर्यंत तक्रार नाही. आष्ट्याजवळ मात्र उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात लागली होती की आपलं इंजिन बंद पडलंय हे बऱ्याच वेळाने कळलं.

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावरच्या एका गॅरेजात पोरगेलासा मेस्त्री भेटला. त्याने गाडी स्लोला ठेवली, मग रेस केली, पुन्हा सोडली.

"काका, पळताना काय त्रास हाय का?"

"नाही."

"मग मोठं काय न्हाई. चोकअप असंल."

एअर फिल्टरचा डबा उघडून त्याने आतल्या कडेचा काडेपेटीएवढा फेल्टचा तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला. काळा, तेलकट, हवा जायला जागा नाही असा. मग नळीतून बोटाएवढा एक व्हॉल्व्ह उपसला आणि माझ्या कानाशी धरून हलवला. आवाज शून्य. स्प्रे मारल्यावर खालच्या वर्तमानपत्रावर काळं पाणी ठिबकलं, अग्रलेख दिसेनासा झाला. पुन्हा हलवला तर आतली गोटी खुळखुळली. "आता बोलतोय बघा," मेस्त्री म्हणाला. फेल्ट पेट्रोलमध्ये पिळून, वाळवून परत बसवला.

त्या फेल्टचं आणि व्हॉल्व्हचं काम काय, तर पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा जळका वायू खाली ऑइल चेंबरमध्ये निसटतोच. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. आरी हागेन-स्मिट नावाचे रसायनतज्ज्ञ कॅलिफोर्नियात अननसाच्या सुगंधातली द्रव्यं शोधत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं मूळ मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफांत दाखवून दिलं. (अननसावरून धुराड्याकडे वळलेल्या त्या नाकाची मला खरंच कीव येते.) पुढे १९६१च्या सुमारास तिथल्या नव्या गाड्यांत हा निसटता वायू परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. फेल्टमधून ताजी हवा चेंबरमध्ये शिरते आणि तिथला वायू घेऊन व्हॉल्व्हवाटे इंजिनात जाते. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना इंजिन इतकी हवा ओढतं की या चिमूटभर वाटेचा हिशेब कोण ठेवतो! पाय काढला की मुख्य झडप जवळजवळ मिटते. मग पेट्रोल-हवेचं गणित अशा बारीक वाटांवरच येऊन ठेपतं, आणि तिथे मळ बसला की गाडी कापते. पीयूसीवालाही सायलेन्सरमध्ये नळी घालतो ती गाडी उभी असतानाच. माणसांची परीक्षाही याच वेळी घ्यावी असं मला फार वाटतं, पण निम्मा सातारा नापास होईल.

मेस्त्रीने हाताचे आणि स्प्रेचे मिळून दोनशे रुपये घेतले. घरी परतल्यावर अभियंतेसाहेब फाटकाशी आले. बॉनेटवर तळहात ठेवून त्यांनी थरथर तपासली, सापडली नाही. काही तरी किरकोळ असणार हे आपण आधीच ओळखलं होतं, असं म्हणाले. मग गाडीभोवती एक चक्कर मारून, टायर बुटाने दाबून, आवाज खाली आणत विचारलं, "विकायचीच आहे ना? आमच्या जावयाला पाहिजे होती."