मल्गाय ते फोर्ट विल्यम, व्हाया घुंगुरटी

फोर्ट विल्यम, 19 जुलै

ती. आई व ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. मिलिंदला गोवर नाही, कांजिण्या नाहीत आणि आमचं भांडणही झालेलं नाही. त्या दिवशी व्हिडिओवर त्याचं तोंड बघून तुम्ही “अगो बाई!” म्हणालात आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. रात्री वन्संचा निरोप आला, आईंनी मार्लेश्वराला नारळ कबूल केलाय. जिवंत असल्याचं वन्संना लगेच कळवलं, पण सविस्तर हकिकत फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देणार नाही. म्हणून पत्र. आप्पा, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनाने खुणा करून ठेवा. दिवाळीत येऊ तेव्हा बघीन.

तर वेस्ट हायलँड वे ही 154 किलोमीटरची पायवाट. ग्लासगोजवळच्या ज्या गावातून ती निघते त्याचं नाव लिहितात मिल्नगेव्ही आणि म्हणतात मल्गाय. आपला निनाद स्टेशनवर उतरल्यापासून गाय शोधत होता. मिलिंदने तीन महिने तयारी केली होती. प्रत्येक मोजा काट्यावर तोलला. माझा मसाल्याचा डबा दोनदा बाहेर काढला, मी तो तीनदा आत घातला. पाऊस धरला, चिखल धरला, पायाचे फोड धरले. ऑफिसातले लोक “जुलै? मिज असतील हं” म्हणाले, तेव्हा हा म्हणाला, “मी देवरुखचा आहे. मला डासांचं सांगू नका.”

आई, मिज म्हणजे डास नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात डोळ्यांपुढे नाचतात ना, ती घुंगुरटी, तशी. पंख पसरले तरी दोन-तीन मिलिमीटर. डास निदान गुणगुणत येतो, आपण टाळी वाजवतो, खेळ बरोबरीचा असतो. हे हजारांनी येतात आणि आवाज नाही. चावतात फक्त माद्या, अंडी घालायला रक्त लागतं म्हणून. आपल्या श्वासाच्या वासावर येतात, आणि एक चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात. गावजेवणच.

पहिले दोन दिवस वारा होता, त्यामुळे मिलिंदची मान ताठ. तिसऱ्या दिवशी लॉख लोमंडच्या काठाने चालून इनव्हररनानला पोचलो. आभाळ भरलेलं, पान हलत नव्हतं, संध्याकाळचे सात. आम्ही तंबूच्या काठ्या जोडत होतो आणि ओवी म्हणाली, “आई, बाबाचा हात काळा का दिसतोय?” पुढची दहा मिनिटं अंगावर खाजकुयली उधळल्यासारखी गेली. तंबू वाकडा लागला तसाच राहिला. आत शिरलो आणि वर टपटप ऐकू आलं. मला वाटलं, चला, पाऊस आला, आता जातील. जाळीतून बघितलं तर पाऊस नव्हताच. तेच कापडावर आदळत होते.

सकाळी उपमा केला. मिलिंद म्हणाला, “मिरपूड छान लागतेय.” मी मिरपूड आणलेलीच नव्हती.

आणि आता त्या तोंडाचं. अंगावर पित्त उठलं की तुम्ही आमसुलाचं पाणी लावता ना? डब्यात सारासाठी दहा-बारा आमसुलं होती. ती रात्री भिजत घातली आणि सकाळी त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चोळली. खाज थोडी बसली, रंग मात्र बसला तो बसलाच. तेवढ्यात तुमचा फोन. तेव्हा जे लाल दिसलं त्यातलं निम्मं मिजचं आणि निम्मं तुमचंच औषध. नारळही निम्माच फोडा.

पुढच्या मुक्कामी टाइनड्रमला शहाणे झालो. इथे हवामानासारखा मिजचाही अंदाज निघतो, एक ते पाच आकड्यांत. त्या दिवशी चार होता. दुकानातल्या बाईंनी डोक्यावरून ओढायच्या जाळ्या दिल्या. त्या घालून आम्ही चौघं मधाची पोळी काढायला निघालेले दिसत होतो. आप्पा, मुलाचं नाव मिलिंद, म्हणजे भुंगा, तुम्हीच ठेवलंत, त्यामुळे तो त्यात शोभून दिसला. फक्त जाळी तोंडावर आहे हे त्याच्या लक्षात राहत नाही. पहिला चहा जाळीतून गाळून प्यायला, पहिला थेपला जाळीसकट चावला.

अंगाला लावायचं म्हणाल तर डीट नावाचं जालीम औषध मिळतं. ते मिजला लागू पडतं आणि प्लॅस्टिकलाही. मिलिंदच्या चष्म्याची काडी त्याने चिकट झाली, ती अजून कानाला धरून बसते. शेजारच्या तंबूतला दाढीवाला, दाराएवढा रुंद गडी वेगळंच फवारत होता. एव्हॉनचं ‘स्किन सो सॉफ्ट’, बायकांनी आंघोळीनंतर लावायचं तेल. सैनिकसुद्धा हेच वापरतात म्हणे. अख्खा तळ लग्नघरासारखा घमघमत होता.

पण खरं औषध वारा. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा सुटला की मिज जमिनीवरून उठत नाहीत. आणि आपण भरभर चाललो तरी मागे पडतात. म्हणून इथे कोणी बसून जेवत नाही. हातात वाटी घेऊन तीसेक माणसं गवतावर गोल गोल फिरत सूप पितात, प्रदक्षिणा घातल्यासारखी. निनादने अकरा मोजून भात संपवला. घरी ह्याच मुलाला एका घासासाठी विनवावं लागतं.

रॅनॉक मूर तर मिजचं माहेर. मैलोन्‌मैल ओली, मऊ काळी माती, त्यात त्यांच्या अळ्या वाढतात. पण त्या दिवशी असा वारा सुटला की टोपी उडाली, छत्री उलटी झाली, आणि आम्ही दगडावर मांडी घालून, जाळ्या काढून, बसून जेवलो. चौघांनाही बोलायचं सुचलं नाही. (कबूल केलेला नारळ बहुतेक त्याच दिवशी पावला.) पुढचा ‘सैतानाचा जिना’, 548 मीटरचा घाट, कधी चढलो कळलंही नाही.

एक गोष्ट आप्पांसाठी. ओवीच्या पोटरीला गोचीड लागली होती. नेच्यांतून चाललं की लागते. तुम्ही गोठ्यात गाईच्या गोचिडीवर रॉकेल टाकायचात ना, तसलं काही माणसाला करायचं नाही. डिवचली की ती पोटातलं आपल्याच रक्तात ओकते आणि त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. बारक्या आकड्याने कातडीलगत धरून फिरवत काढली, मुंडकं-पायांसकट. आता महिनाभर तिथे लाल वर्तुळ उठतं का बघायचं. अजून काही नाही. तुम्ही रोज फोन करून विचारू नका, मीच सांगेन.

आज दुपारी इथे पोचलो. वाट संपते तिथे पाय चोळत बसलेल्या माणसाचा पुतळा आहे. मिलिंद त्याच्याशेजारी टेकला आणि मान खाजवू लागला. दोन जपानी बायकांनी दोघांचा फोटो काढला.

तुम्ही धूप आणि कडुनिंबाचा पाला पाठवताय असं वन्सं म्हणाल्या. नका पाठवू. पाला इथले कस्टमवाले धरतील. आमसुलं मात्र पाठवा, सगळी मिलिंदच्या तोंडावर संपली.

मुलांचा सा. न.

तुमची,
मेघना

ता. क. आप्पा, दुसऱ्या पानावर ‘गोचीड’च्या डोक्यावर अनुस्वार दिसेल. त्याला लाल खूण करू नका. तो मी दिलेला नाही. खिडकी उघडी होती.