२३ किलोंचं सोलापूर

पोरगं एमएस करायला अमेरिकेला निघालं की सोलापुरात आधी वजनकाटा बाहेर येतो. २३ किलोंच्या दोन बॅगा. त्यात शेंगाचटणी, कडक भाकरी (ही पासपोर्टपेक्षाही जास्त टिकेल) आणि सोलापुरी चादर. चादर एकटीच दोन किलो खाते, पण ती बाहेर काढायची कुणाची टाप आहे? पुस्तकांचं काय, ती पीडीएफमध्ये मिळतात म्हणे.

तिकडे न्यूजर्सीत चिरंजीव कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये भांडी विसळतात; सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कायद्याने तेवढीच मुभा. घरी कधी पाण्याचा तांब्याही न उचललेला हात तो! वडील गड्ड्याच्या यात्रेत भेटेल त्याला सांगतात, 'रिसर्चमध्ये आहे.' आई दुपारी दोनला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन.

'झोपला होतास व्हय? जेवलास का पण?'

सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, शिकायला नव्हे, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. चिनी भाषा शिकले, तिथेच संसार मांडला, १९४२ मध्ये तिथेच वारले. भैया चौकात त्यांचं स्मारक आहे. व्हिसासाठी मुंबईची गाडी पकडण्याआधी एकदा बघून या.